पहिला नंबर मुक्या कुत्र्याचा

इस्पितळातल्या निम्म्या लोकांनी तिला कधी पाहिलेलं नव्हतं, पण ओळखत मात्र सगळे होते. तळमजल्यावर जिन्याखालच्या अरुंद खोलीत ती कानाला हेडफोन लावून बसायची आणि सबंध इमारतीचे फोन इकडचे तिकडे जोडून द्यायची. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसते म्हणून तिचं नाव पडलं एक्स्चेंजताई. खरं नाव पगारपत्रकात होतं आणि तिथे ते सुखात होतं. आवाज असा, की रागाने तणतणत फोन करणारा माणूससुद्धा तिच्या ‘नमस्कार, बोला’ एवढ्यानेच निम्मा निवायचा. एक्स-रे काढणारा गडी सगळ्यांना सांगायचा, "ताईंना पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, ह्या कोणीतरी दुसऱ्याच. माझ्या मनातल्या ताई चांगल्या उंच होत्या."

सिनेमा हे तिचं दुसरं माहेर होतं. सासरी सगळं उत्तम असलं तरी बाई माहेरी जातेच, तशी ती दर शुक्रवारी सकाळची पाळी संपवून, रिकामा डबा पिशवीत टाकून, मागच्या गल्लीतल्या जुन्या थिएटरात जायची. दुपारच्या खेळाला गर्दी नसायची. शेवटच्या रांगेतली भिंतीकडची खुर्ची तिची ठरलेली. बॅटरी घेऊन जागा दाखवणारा म्हातारा तिला बघून बॅटरी लावायचासुद्धा नाही. नुसता बाजूला व्हायचा. भुताचा असो, कोर्टाचा असो, नाचगाण्याचा असो, तिला कशाचं वावडं नव्हतं.

आणि वर्ष संपत आलं की तिची क्रमवारी जाहीर व्हायची. वर्षभरात पाहिलेल्या सिनेमांतले दहा, खालून वर, दर तीन-चार दिवसांनी एक. कागदावर काही नाही, सगळं तोंडी. सकाळपासून अंतर्गत फोन वाजायला लागायचे. "ताई, ऑपरेशन थिएटरमधून बोलतोय. आज सहावा ना? कोण?" कोणी आनंदाने ओरडायचं, कोणी "हा अन्याय आहे" म्हणून फोन आपटायचं. तिचे नियमही कडक. सिनेमा थिएटरात आणि पाटीपासून पाटीपर्यंत पाहिलेला पाहिजे. गाण्यांचे गुण वेगळे, ते बेरजेत धरायचे नाहीत. आणि रडवलं म्हणून जास्तीचे गुण मुळीच नाहीत. "रडवण्यात काय मोठं? कांदासुद्धा रडवतो," असं ती म्हणायची.

नवऱ्याला यातलं काही कळायचं नाही. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. जी वस्तू बटण दाबल्यावर वर जाते आणि दाबल्यावर खाली येते, तिच्यावर त्याचा विश्वास होता. पडद्यावर हलणाऱ्या चित्रांवर नव्हता. लग्नानंतर तो दोनदा तिच्याबरोबर सिनेमाला गेला आणि दोन्ही वेळा पाट्या संपायच्या आत घोरायला लागला. तेव्हापासून तिने कानाला खडा लावला आणि एकटी जाऊ लागली.

त्या वर्षी मात्र तिला सोबत मिळाली, आणि तीही सासूबाईंची.

सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता. ऑपरेशन करायचं तर रक्तातली साखर खाली यायला हवी, आणि ती काही केल्या येत नव्हती. समोरचं माणूस त्यांना नुसतं सावलीसारखं दिसायचं. पेपर सुटला, विणकाम सुटलं, गॅलरीतून रस्त्यावरच्या कुत्र्यांना हाका मारायच्या, तेही सुटलं. दिवसभर बसून बसून त्या कंटाळल्या. एका शुक्रवारी सून दुपारी घरी डोकावली, कारण डबा घरीच विसरला होता; तेव्हा त्या चपला शोधत दारातच उभ्या होत्या.

"मलाही ने," त्या म्हणाल्या.

"कुठे, आई?"

"तू जातेस तिथे."

"अहो, पण तुम्हाला दिसणार काय?"

"तुला दिसतंय ना? मग सांग की मला. दिवसभर परक्यांशी बोलतेस, दोन शब्द घरच्यांशी बोललीस तर तोंड झिजणार नाही तुझं."

दोघी गेल्या. पहिलाच सिनेमा निघाला दोन भावांचा. भांडण होतं आणि ते वडिलांच्या घरात मधोमध भिंत घालतात. ताई कानाशी लागून सांगू लागली, "थोरला आलाय. चिडलाय."

"चिडलाय ते मला ऐकू आलं," सासूबाई म्हणाल्या. "मी आंधळी झालेय, बहिरी नाही. जे ऐकू येत नाही तेवढं सांग. अंगात काय घातलंय? हात कुठे आहेत त्याचे?"

ताईने हात पाहिले. थोरल्या भावाचे हात पाठीमागे होते आणि एका हातात धाकट्याची लहानपणची टोपी चुरगळलेली होती. इतकी वर्षं सिनेमे पाहून तिला वाटायचं, आपल्या नजरेतून काही सुटत नाही. पण सांगायचं म्हणून बघायला लागल्यावर तिला कळलं की आपण आजवर नुसते चेहरेच बघत होतो. तिने टोपीचं सांगितलं. सासूबाईंनी ‘च्‌ च्‌’ केलं. शेवटी थोरला त्या भिंतीला खिडकी पाडतो, तेव्हा सासूबाईंनी सुनेचा हात घट्ट धरला होता.

मग दर शुक्रवारी दोघी जाऊ लागल्या. कोर्टाचा सिनेमा झाला, त्यात न्यायाधीशाला सर्दी झालेली होती आणि फाशीची शिक्षा वाचता वाचता त्याला शिंक येते. लिफ्टमध्ये अडकलेल्या चोराचा झाला, ज्याला त्याची मावशी बाहेरून दरवाजा उघडून सोडवते. तो ऐकून घरी नवरा चांगलाच भडकला. "लिफ्ट अशी अडकतच नाही! ब्रेक वेगळा असतो, दरवाजाचं कुलूप वेगळं असतं. कोणी तरी विचारायचं होतं मला!" सिनेमाबद्दल तो इतका वेळ बोलला, हे घरात पहिल्यांदाच घडत होतं.

आणि मग, उन्हाळा सरत असताना, तो परत आलेल्या माणसाचा सिनेमा लागला.

एक माणूस बायकोला सोडून निघून गेलेला असतो. बऱ्याच वर्षांनी तो परत येतो. बायको दार उघडते. तो आत येऊन टेबलाशी बसतो. तीही समोर बसते. आणि सिनेमा तिथेच ठाण मांडून बसतो. बोलणं नाही, संगीत नाही, चमचा वाजला तर वाजला.

"बंद पडला का?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही आई, चालू आहे. तो बसलाय."

"आणि ती?"

"तीही बसलीय."

"मग?"

"मग काही नाही. बसलेत."

थोडा वेळ गेला. सासूबाईंनी चुळबुळ केली. "अजून बसलेत?"

"हो."

"चल तर मग," सासूबाई पिशवी आवरत म्हणाल्या, "आपणही घरी जाऊन बसू. तिथे चहा तरी मिळेल."

पडद्यावर उजेड खिडकीतून टेबलावर सरकत होता, बायकोचा चेहरा कणाकणाने बदलत होता. आता उठायचं म्हणजे पानावरून उठल्यासारखं. आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "थांबा आई, कुत्रं आलंय."

सासूबाई थांबल्या. "कसलं?"

"तांबूस. एका कानाचं टोक गेलेलं आहे."

"भुंकलं नाही ते?"

आता आली पंचाईत. पण एकदा पाण्यात पडल्यावर पोहायलाच लागतं. "मुकं आहे बिचारं," ताई म्हणाली.

सासूबाईंनी पिशवी पुन्हा मांडीवर ठेवली. आणि मग ताईला थांबता येईना. कुत्रं दाराशी उभं राहिलं. त्याने त्या माणसाला ओळखलं की नाही, हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं. ते टेबलाला एक फेरी मारून आलं, बाईच्या पायाशी बसलं, उठलं, पुन्हा एक फेरी मारली. तिकडे पडद्यावर नुसता उजेड सरकत होता आणि इकडे शेवटच्या रांगेत कुत्रं त्या माणसाची चप्पल हुंगत होतं. अखेर पडद्यावर बायको उठली, तिने फळीवरून दुसरी ताटली काढली आणि नवऱ्यासमोर ठेवली. का ठेवली, हे सिनेमाने सांगितलं नव्हतं. ताईने सांगितलं, "आई, कुत्र्याने त्याच्या पावलावर डोकं ठेवलं. ते बघून ती उठली."

सासूबाई पदराने डोळे पुसत बाहेर पडल्या. "याला म्हणतात सिनेमा," त्या रस्ताभर म्हणत होत्या. "तो माणूस एक अक्षर बोलला नाही, ती बोलली नाही, आणि ते मुकं जनावर सगळं बोलून गेलं."

ताईला थोडं टोचलं. पण म्हातारं माणूस दोन घटका सुखावलं, त्यात कोणाचं काय गेलं, अशी तिने मनाची समजूत घातली. तसं थोडं पदरचं तिने आधीही एकदा घातलं होतं, आणि पुढच्या काही सिनेमांतही, जिथे गोष्ट रेंगाळेल तिथे, घातलं.

वर्ष संपायला आलं, सासूबाईंची साखर एकदाची खाली उतरली आणि ऑपरेशनची तारीख मिळाली. आधीच्या तपासण्यांसाठी त्या इस्पितळात आल्या की सुनेच्या खोलीतल्या स्टुलावर बसून राहायच्या. नेमके ते क्रमवारीचे दिवस होते. ताई एका घाबरलेल्या नातेवाइकाला वॉर्डाचा नंबर जोडून देत होती, तेवढ्यात बाजूचा अंतर्गत फोन वाजला. सासूबाईंनी चाचपडत तो उचलला.

"ताई, आजचा सातवा कोण?" पलीकडे भुलीचे डॉक्टर होते. ऑपरेशनआधी रोग्याला भूल देणं हे त्यांचं काम आणि ताईच्या क्रमवारीवर वाद घालणं हा त्यांचा छंद.

"सातवा चोराचा," सासूबाई म्हणाल्या. "पण ती हिची क्रमवारी. माझी वेगळी आहे."

"आपण कोण?"

"मी सासू. माझ्यात पहिला नंबर आहे परत आलेल्या माणसाला."

"त्याला?" डॉक्टर हसत सुटले. "आजी, त्या सिनेमात मला झोप लागली. मला! मी दिवसभर लोकांना झोपवतो. तो सिनेमा बाटलीत भरून मिळाला तर माझं औषध बंद करीन मी."

"झोपलात म्हणून बोलताय. कुत्रं बघितलंत का?"

"कुत्रं? कुठलं कुत्रं?"

"बघा! अहो, अख्खा सिनेमा त्या कुत्र्यावर उभा आहे. तांबूस, मुकं. टेबलाच्या प्रसंगात."

ताईने हेडफोन काढून फोनकडे झेप घेतली, पण उशीर झाला होता. दुपारपर्यंत ही बातमी सगळ्या मजल्यांवर पोचली. गंमत अशी, की इस्पितळातल्या बऱ्याच जणांनी तो सिनेमा पाहिला होता आणि जवळजवळ सगळेच त्यात पेंगले होते. पण तसं कबूल करायला कोणी तयार नव्हतं. एक्स-रेवाल्याने छातीठोकपणे सांगितलं, "आहे ना कुत्रं! मला चांगलं आठवतंय. काळं होतं."

"आजी तर तांबूस म्हणतात," डोळ्यांच्या वॉर्डातल्या सिस्टर म्हणाल्या.

"अंधारात काळं वाटलं असेल," एक्स-रेवाला म्हणाला.

दुसऱ्या दिवशी कुत्रं पाहिलेले आणखी तिघे निघाले. एकाला तर त्याची शेपूटही आठवत होती. इकडे ताईची पाचावर धारण बसली. संध्याकाळी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं.

"म्हणजे कुत्रंच नाही?" त्याने विचारलं.

"नाही हो. मी आणलं ते."

त्याने हातातला चहा खाली ठेवला. "मग सांगून टाक आईला."

"कसं सांगू? पहिला नंबर दिलाय त्यांनी!"

ऑपरेशन नीट झालं. एक डोळा झाला, मग काही दिवसांनी दुसरा. सिस्टरनी दुसऱ्या डोळ्यावरची पट्टी काढली, तेव्हा खाटेशी सून उभी होती. सासूबाईंनी डोळे मिचकावले, तिच्याकडे रोखून पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं बाई, किती पिकलीस तू!"

सिस्टर तोंडावर हात धरून हसल्या. सासूबाईंनी मग खिडकी पाहिली, स्वतःच्या हातावरच्या शिरा पाहिल्या, सिस्टरच्या कपाळावरचा तीळ पाहिला, आणि सगळं बघून झाल्यावर म्हणाल्या, "आता मला ते कुत्रं बघायचंय."

ताई मनातल्या मनात म्हणत होती, तो सिनेमा आता कुठे लागतोय! पण ते थिएटर दरवर्षी सरत्या वर्षातले निवडक सिनेमे पुन्हा लावायचं, रोज दुपारी एक. त्यात हाही होता. आणि सिस्टरनीच ती बातमी वॉर्डात आणली, वर सुट्टीही काढली. भुलीचे डॉक्टर म्हणाले, मीही येतो, एकदाचा सोक्षमोक्ष लावू. नवरा म्हणाला, आईला पायऱ्या उतरताना धरायला कोणीतरी हवं. असं करत करत शेवटच्या रांगेत पाचजण ओळीने बसले. सासूबाईंच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता. दिवे मालवल्यावर त्यांनी तो काढून सुनेच्या हातात दिला.

सिनेमा सुरू झाला. माणूस परत आला. दार उघडलं. तो टेबलाशी बसला, ती बसली. डॉक्टर खुर्चीच्या कडेवर पुढे सरकून बसले होते. सिस्टर दाराकडे टक लावून होत्या. पडद्यावर नुसता उजेड सरकत होता. ताई वाट बघत होती, आता आई विचारतील, आता विचारतील. पण शेजारून एक शब्द आला नाही.

आणि त्या शांततेत एक गोष्ट घडली. मागच्या वेळी ताई कुत्र्यामागे धावत होती. पडदा तिने नीट पाहिलाच नव्हता. आज करायला काही नव्हतं म्हणून ती बघत राहिली. त्या बाईने एकदा हात टेबलावर पुढे सरकवला आणि बोटभर जाऊन मागे घेतला. त्या माणसाने ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. उजेड दोघांच्या मधून जाऊन पलीकडच्या भिंतीवर चढला. बाई उठली, तिने दुसरी ताटली काढली. का काढली, ते ताईला या वेळी कोणी सांगायची गरज वाटली नाही. तिच्या डोळ्यांना धार लागली. कांद्याचं वाक्य तिला आठवलंसुद्धा नाही.

दिवे लागले. डॉक्टर उठून उभे राहिले. एका क्षणासाठीही डोळा लागू दिला नव्हता त्यांनी. चेहऱ्यावर जिंकल्याचं तेज होतं. "काय आजी? कुठाय कुत्रं?"

सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग सुनेकडे पाहिलं. सुनेचं नाक लाल झालं होतं आणि मान खाली होती. सासूबाईंनी तिच्या हातातून काळा चष्मा घेतला, सावकाश डोळ्यांवर चढवला आणि म्हणाल्या, "पुन्हा झोपलात वाटतं, डॉक्टर?"

डॉक्टरांनी सिस्टरकडे पाहिलं. सिस्टर चाचरत म्हणाल्या, "मी… मधे एकदा पाणी प्यायले, तेवढ्यात असेल कदाचित." नवऱ्याने खोकल्याची उबळ आल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं.

घरी स्वयंपाकघरात आल्यावर सासूबाईंनी खुर्ची ओढली. "बस इथे," त्या सुनेला म्हणाल्या. "आता खरं सांग. आणखी कशात काय काय घातलंस?"

"आई…"

"भावांच्या सिनेमात शेवटी भिंतीला खिडकी पाडली, ती?"

"ती खरी आहे, आई."

"न्यायाधीशाची शिंक?"

"तीही खरी. शपथ."

"चोराची मावशी?"

ताई बोटाने टेबलावरचा डाग पुसू लागली.

"मावशीसुद्धा नव्हती?"

"होती, पण नुसती फोनवर बोलायची. मी… मी तिला लिफ्टच्या बाहेर आणून उभी केली."

दारात उभ्या असलेल्या नवऱ्याला हसू आवरेना. "तरीच! मी म्हणत होतो, ती बाई लिफ्टचा दरवाजा बाहेरून उघडेल कशी?"

"तू गप रे," सासूबाई कडाडल्या. मग सुनेकडे वळून त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मला दिसत नव्हतं, तेव्हा मी तुझ्या डोळ्यांवर विसंबले होते. तुला वाटलं, म्हातारीला काय कळतंय."

"नाही हो, आई! तुम्ही उठून निघाला होतात. मला तो सिनेमा सोडवत नव्हता, आणि तुम्हाला एकटं पाठवायचं नव्हतं. दुसरं काही सुचलं नाही मला."

"मग तसं सांगायचं होतंस. आई, कंटाळवाणं आहे, पण मला बघायचंय. मी बसले नसते का? तुझ्या नवऱ्याच्या बापाबरोबर मी उभा जन्म बसून काढला, तासाभराचं काय एवढं?"

ताईला हसावं की रडावं कळेना. तिने सासूबाईंचे पाय धरायला हात पुढे केला, तो सासूबाईंनी झटकला आणि तिच्यापुढे चहाचा कप सरकवला. पण त्या संध्याकाळी त्या एकट्याच आपल्या नव्या डोळ्यांनी गॅलरीतून खाली रस्ता बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक्स्चेंजमध्ये बाहेरच्या लाइनीवर फोन आला.

"नमस्कार, बोला."

"मला क्रमवारीवाल्या बाईंशी बोलायचंय," सासूबाईंचा आवाज आला.

ताई सावरून बसली. "बोला ना, आई."

"माझी क्रमवारी बदललीय. लक्ष देऊन ऐक, आणि कोणी विचारलं तर अशीच सांग. शेवटचा नंबर, परत आलेल्या माणसाचा सिनेमा. नुसते बसलेत. ना शेंडा ना बुडखा."

"बरं."

"दुसरा, भावांचा."

"आणि पहिला?"

"पहिला, मुक्या कुत्र्याचा सिनेमा. तो थिएटरात लागला नव्हता. तो माझ्या सुनेने मला सांगितला. सासूला फसवलंन म्हणून अर्धा गुण कापलाय, तरी पहिला." आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

ताईने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. बोर्डावरचे दिवे एकामागून एक लुकलुकायला लागले होते. मग डोळे पुसून तिने पहिला फोन घेतला. भुलीचे डॉक्टर होते. काल रात्रभर त्यांना म्हणे झोप लागली नव्हती.

"ताई, मला एकदा खरं काय ते सांगा. कुत्रं आहे की नाही?"

"नाही, डॉक्टर. मी बनवलं होतं ते."

पलीकडे एक मोठा सुस्कारा ऐकू आला. "देवाची कृपा! मला वाटलं, डोकं तपासून घ्यावं लागतंय की काय. बरं, आज पहिला नंबर जाहीर व्हायचाय. भावांचाच ना? अख्खं ऑपरेशन थिएटर भावांच्या बाजूने आहे."

"नाही. परत आलेल्या माणसाचा."

"काय?"

"माझा पहिला नंबर त्याला आहे. काल मी तो नीट बघितला. तुम्ही बघा पुन्हा, पण जेवून जाऊ नका."

त्यानंतर इस्पितळात जो गोंधळ उडाला, तो कित्येक दिवस शमला नाही. एकच सिनेमा सुनेच्या क्रमवारीत सगळ्यांत वर आणि सासूच्या क्रमवारीत सगळ्यांत खाली. लोकांत तट पडले. खालच्या मजल्यांनी सुनेची बाजू घेतली, डोळ्यांचा वॉर्ड एकमुखाने सासूच्या बाजूने. कुत्रं पाहिल्याचं सांगणारे मात्र एकदम गायब झाले; एक्स-रेवाला तर ‘मी तो सिनेमा पाहिलाच नव्हता’ म्हणू लागला. आणि जो तो ताईला गाठून म्हणे, "ताई, तो सगळा सिनेमा सांगा ना, कुत्र्यासकट." शेवटी सिस्टरनी तिला जेवणाच्या सुट्टीत वॉर्डात नेलं. डोळ्यांना पट्ट्या बांधलेले रोगी उशांना टेकून बसले होते. ताई सुरुवातीला संकोचली, चेहऱ्यांसमोर बोलायची तिला सवय नव्हती. मग त्यांनाही आपण दिसत नाही हे लक्षात आल्यावर तिचा आवाज मोकळा झाला. आधीच सांगून टाकलं तिने, "यातलं कुत्रं माझं आहे, बाकी सिनेमा त्यांचा." शेवटच्या खाटेवरचा एक गृहस्थ म्हणाला, "बाई, कोणाचं का असेना, पण ते आत कधी येतंय तेवढं सांगा."

नव्या वर्षाच्या पहिल्या शुक्रवारी दोघी पुन्हा थिएटरात गेल्या. दारातच सासूबाईंनी फर्मान काढलं, "तू तुझ्या कोपऱ्यात बस. मी मधल्या रांगेत बसते. मला कोणी सांगायला नको आणि तुला कोणी विचारायला नको."

"बरं, आई."

बॅटरीवाल्या म्हाताऱ्याने सासूबाईंना मधल्या रांगेत नेऊन बसवलं. ताई आपल्या खुर्चीत बसली आणि तिथून अंधारात त्यांचं पांढरं डोकं बघत राहिली. सिनेमा राजाराणीचा होता, भरपूर तलवारी आणि भरपूर धूळ. मध्यंतराचे दिवे लागले तशा सासूबाई खुर्च्यांना धरत धरत मागे आल्या आणि तिच्या शेजारी धप्पकन बसल्या.

"कसा वाटतोय?" ताईने विचारलं.

"भिकार," सासूबाई म्हणाल्या. "राणीची नथ दोनदा डावीकडून उजवीकडे गेली. बघितलंस का?"

ताईने बघितलं नव्हतं. तिने मान हलवून तसं कबूल केलं.

"मग काय बघत होतीस इतका वेळ?" सासूबाई म्हणाल्या आणि पुढचा भाग सुरू व्हायच्या आत राणी कोणाकोणाशी खोटं बोलली आहे, ते बोटांवर मोजून सांगायला लागल्या.